राजूरचा घाट आणि भरंवशाचा मिस्त्री

बुलढाणा जिल्ह्यांतील प्रवासाचीं वर्णनें आजवर पुष्कळांनीं लिहिलीं. लोणारचें सरोवर पाहावें, सिंदखेड राजास जिजाऊंच्या जन्मस्थानीं मस्तक नमवावें, मेहकरास शार्ङ्गधर बालाजीची मूर्ति डोळे भरून न्याहाळावी, शेगांवीं श्रीगजानन महाराजांच्या समाधीचें दर्शन घ्यावें, हें सारें वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु ह्या स्थळांमधील रस्त्यावर मोटारीनें मान टाकली तर ती कोणाच्या हातीं सोंपवावी, ह्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. आमच्या मतें तीही स्थलवर्णनाचीच बाब होय. गांवाची ओळख देवळावरून होते, तशीच तेथील कारागिरावरूनही होते.

जुने लोक वऱ्हाडाचे पायनघाट व बालाघाट असे दोन भाग करीत. ते दोन्ही ह्या एका जिल्ह्यांत पाहावयास मिळतात. उत्तरेस मलकापूर, नांदुरा, शेगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतील सखल, काळ्या मातीचा मुलूख. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच प्रदेश. रेल्वे खालींच राहिली. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर-शेगांवावरून जातो, आणि कापसासाठीं 1870 सालीं जलंबाहून खामगांवास फांटा नेण्यांत आला. पण बुलढाणा जिल्ह्याचें ठिकाण असूनही तेथें आगगाडी नाहीं. मलकापूर स्टेशनावर उतरलेल्या मनुष्यास मोताळ्यावरून राजूरचा घाट चढूनच वर यावें लागतें. हा घाट मोठा कठोर परीक्षक आहे. सपाटीवर पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होणारें इंजिन येथें नापास होतें.

आमच्या घरच्या अकरा वर्षांच्या मोटारीचें तसेंच झालें. चैत्राचें ऊन, गाडींत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या थोरल्या वहिनी, पुतण्या व दोन मुलें. अर्ध्या घाटांत उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेस भिडला आणि टोपणाखालून वाफ निघूं लागली. झाडाच्या सावलींत दीड तास बसून, इंजिन निवल्यावर पाणी घालून, कसेंबसें घर गांठलें. वहिनींस हृदयविकार आहे. दरमहा त्यांस छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे न्यावें लागतें. तेव्हां गाडी ही आमच्या घरीं चैनीची वस्तु नव्हे, आणि घाटांतला तो दीड तास पुनः येऊं देणें शक्यच नव्हतें.

प्रथम पुतण्यानें गाडी एका झगझगीत गॅरेजांत नेली. तेथें स्कॅनर जोडला, पांच मिनिटांत पडद्यावर कांहीं आंकडे उमटले आणि निर्णय झाला: हेड उतरवावें लागेल, इंजिन खोलावें लागेल, बेचाळीस हजार रुपये. अंदाज लेखी द्या म्हटल्यावर मालकांची मुद्रा बदलली. आम्हीं गाडी परत आणली.

स्कॅनर वाईट नव्हे, हें आधीं सांगितलें पाहिजे. परंतु तो सांगतो तें लक्षण; रोग शोधणें मनुष्याचेंच काम. आमच्या वैद्यकानें निदानपंचक सांगितलें आहे: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. म्हणजे कारण काय, आरंभीं काय दिसलें, पुढें काय झालें, कशानें उतार पडतो, आणि विकार कोणत्या मार्गानें वाढला. ज्या मिस्त्रीनें ह्यांपैकीं एकही प्रश्न न विचारतां औषध सांगितलें, त्याच्या हातीं नाडी देऊं नये.

मग आम्हीं स्वतः काळी-पिवळी जीपगाड्यांच्या थांब्यावर गेलों. ज्यांची भाकरी गाडीवर आहे, ते मिस्त्रीच्या बाबतींत भिडेस पडत नाहींत. तिघां चालकांनीं एकच पत्र्याची शेड दाखविली.

तेथला मिस्त्री चाळिशींतला, मितभाषी. "गुरुजी, गाडी सपाटीवर तापते कां फक्त घाटांत? पाणी किती दिवसांनीं घालतां?" असें त्यानें विचारलें. इंजिन पूर्ण थंड होईतों त्यानें झांकण उघडलें नाहीं. तापलेलें झांकण उघडून हात भाजलेले लोक त्यानें पाहिले होते. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलांत पाणी शिरलें असतें तर तें दुधाळ दिसतें, तसें नव्हतें. पांढरा धूर नाहीं, रेडिएटरांत बुडबुडे नाहींत. नंतर त्यानें हातपंपानें रेडिएटरांत हवेचा दाब भरला. घड्याळाचा कांटा हळूहळू उतरूं लागला, आणि खालच्या रबरी नळीच्या सांध्यावर थेंब जमला. झांकणाचें रबरही वाळून ताठ झालेलें होतें.

एवढ्याशा झांकणाचें महत्त्व काय, तें आम्हीं नातवंडांस समजावून दिलें. समुद्रकांठीं पाणी 100 अंशांस उकळतें. बुलढाण्याच्या उंचीवर सुमारें 98 अंशांस. रेडिएटराचें झांकण आंत सुमारें एका वातावरणाइतका अधिक दाब राखतें, त्यामुळें पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. झांकण सैल पडलें कीं दाब गेला. चढणीवर पाणी लौकर उकळतें, बाहेर सांडतें, आणि उरलेलें इंजिन निववण्यास अपुरें पडतें. सपाटीवर हा दोष झांकून राहतो.

नळी, पट्टी, झांकण, शीतकद्रव आणि मजुरी मिळून 2,350 रुपये झाले. जुने भाग त्यानें न मागतां वर्तमानपत्रांत गुंडाळून दिले, पावतीही दिली. (पावती मागण्यांत संकोच कसला? 20 जुलै 2020 पासून अमलांत आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ती न देणें हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क नोंदवितां येते.) तेवढ्यावर तो थांबला नाहीं. भर दुपारीं स्वतः शेजारीं बसून त्यानें पुतण्याकडून राजूरचा घाट उतरवून पुनः चढविला. कांटा मध्यावरून हालला नाहीं. उपशय तो हाच!

खामगांवच्या चांदीचा लौकिक दूरवर आहे. तेथें गिऱ्हाईक कस लावीत बसत नाहीं, कारण पेढीच्या नांवावर पिढ्यांचा विश्वास सांचलेला असतो. पत्र्याच्या शेडीस तो कोठून मिळावा? तिला तो एकेका गाडीवर मिळवावा लागतो.

पुढें वहिनींस नागपुरास भाचीच्या घरीं न्यावयाचें ठरलें. मेहकराजवळ समृद्धी महामार्गावर चढलें कीं झालें, असें पुतण्याचें म्हणणें. 701 किलोमीटरांचा हा मार्ग 5 जून 2025 पासून संपूर्ण खुला झाला आहे, आणि त्यावर मोटारींस ताशीं 120 किलोमीटरांपर्यंत वेगाची मुभा आहे. निघण्यापूर्वीं मिस्त्रीस गाडी दाखविली. त्यानें इंजिनाकडे पाहिलेंही नाहीं, खालीं बसून चाकांवरून बोटें फिरविलीं, टायरांवर छापलेला आठवडा व साल वाचलें आणि म्हणाला, "हे सात वर्षांचे झाले, बाजूंस चिरा आहेत. तापलेल्या काँक्रीटावर त्या वेगानें आजींना घेऊन ह्यांवर जाऊं नका. आधीं चारही बदला."

टायर तो विकत नाहीं. ते आम्हीं चिखलीहून घेतले.