नगरच्या थंडीचा रंग

हिवाळ्यातलं शहर रंगवा म्हटलं की मुलांचा हात आधी पांढऱ्या रंगाकडे जातो. उतरत्या छपरांवर बर्फ, धुराड्यातून निघणारा धूर, कोपऱ्यात एखादं नाताळचं झाड. भेटकार्डांनी आणि रंगवायच्या वह्यांनी हे दृश्य मनात इतकं पक्कं बसवलंय, की अहिल्यानगरातल्या मुलाच्या कागदावरही युरोपातलीच थंडी उतरते. खिडकीबाहेरची तशीच राहून जाते, आणि ती तर रंगवण्यासारखी आहे.

शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचीवर, पर्जन्यछायेत. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे रात्री जमीन झपाट्यानं निवते. पहाटे पारा कधी कधी 10 अंशांखाली उतरतो. दुपारी मात्र ऊन चटकतं. एकाच चौकात एका अंगाला ऊब, दुसऱ्या अंगाला हुडहुडी. इथली थंडी चित्रात आणायची तर ती सावलीतूनच येते.

आणि सावली तरी केवढी! मे महिन्याच्या मध्यास सूर्य नगरच्या थेट डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशीच संपते. 22 डिसेंबरच्या आसपास तोच सूर्य भरदुपारीही जेमतेम 47 अंशांपर्यंत चढतो. भिंत जेवढी उंच, जवळपास तेवढीच तिची सावली. पूर्व-पश्चिम गेलेल्या अरुंद बोळात दिवसभर उन्हाचा कवडसा जमिनीला लागत नाही. वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्या तेवढ्या झळझळतात.

किल्ल्याजवळची दमडी मशीद या दिवसांत सकाळी बघावी. 1567 मधली ही वास्तू, लहानशीच, पण दगडावरचं कोरीवकाम थक्क करणारं. दर्शनी भाग पूर्वेला, आणि हिवाळ्यातला सूर्य उगवतो आग्नेयेकडे कलून. त्यामुळे ऊन तिरपं घासत जातं, कोरलेल्या प्रत्येक पाकळीची एक कड उजळते, दुसरी गडद होते. उन्हातला दगड मधाळ दिसतो. सावलीतला निळसर, कारण तिथं सूर्याचा नाही, आभाळाचा उजेड पोचतो. जलरंगात काम करणारे इथं अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सायना मिसळतात. तयार काळा लावला की दगड मेलाच. मात्र हात चालता ठेवावा लागतो. कोरड्या हवेत वॉश भराभर सुकतो आणि ओल्यात ओला रंग सोडायला सवड मिळत नाही.

रंगांचं हे धाडस नगरला नवं नाही. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या हुसेन निजामशाहावरच्या काव्याची सचित्र पोथी 1565 ते 1569 च्या सुमारास इथंच तयार झाली. आता ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या चित्रकारांनी आभाळ चक्क सोनेरी रंगवलं. ती चित्रं दरबाराची, हिवाळ्याची नव्हेत. तरीही जानेवारीतल्या संध्याकाळी, धूळ आणि चुलींचा धूर खालीच तरंगत असताना मावळतीकडे पाहिलं, की त्या सोन्याचं नवल वाटेनासं होतं.

शाळेत एलिमेंटरीच्या तयारीला स्मरणचित्रं काढून घेतात. तिथं बर्फाऐवजी दाळमंडईतली सकाळ द्यायला काय हरकत आहे? कानटोपी घातलेला हमाल, पोत्यांच्या थप्पीची लांबच लांब सावली, रस्त्याकडेला शेकोटी. शेकोटीभोवतीच्या चेहऱ्यांवर खालून पडणारा नारिंगी उजेड साधणं भल्याभल्यांना अवघड जातं, म्हणून तर ते लवकर शिकवावं.

आणि चित्रात हिरवा हवाच. गळीत हंगाम सुरू असतो, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यानं कुरकुरत जात असतात; शहराबाहेर ज्वारी हुरड्यात आलेली. उसाच्या वाढ्यांचा हिरवा एकीकडून वाळत पिवळा पडत चाललेला, हुरड्याचा मात्र कोवळा, दुधाळ. दोन्हींना ट्यूबमधला एकच हिरवा लावणाऱ्या मुलाला आधी एक कणीस हातात द्यावं.