बारा छत्र्यांची वाट

मडगावहून काणकोण-कारवारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कुंकळ्ळी लागते ती अर्ध्या तासाच्या आत. बाजार, चर्च, औद्योगिक वसाहत, मागे माडांची रांग. गाडीच्या खिडकीतून एवढेच दिसते आणि गाव मागे पडते. गावाची खरी ओळख पटते ती पुढे काही किलोमीटरवर, केपे तालुक्यातल्या फातर्प्यात. तिथे शांतादुर्गेची दोन देवळे आहेत. एकीचे नाव फातर्पेकरीण, दुसरीचे कुंकळ्ळीकरीण. एकाच गावात नांदणाऱ्या या दोन देवींपैकी एक गावची म्हणून ओळखली जाते आणि दुसरी चार शतके उलटली तरी शेजारच्या गावाचे नाव लावते. सून कितीही वर्षे नांदली तरी गाव तिला माहेरच्या नावानेच हाक मारते, तसा हा प्रकार. पूर्वजांशी नाते जोडायचे म्हणजे वंशावळ मिळवायची, ती छापायची, संमेलन भरवून वाटायची, असा आपल्याकडचा समज आहे. महाराष्ट्रात कुलवृत्तांतांची जाडजूड पुस्तके कपाटाकपाटांतून सापडतील. पण वंशावळीला नावे ठाऊक असतात, अंतर ठाऊक नसते. कुंकळ्ळी ते फातर्पा हे अंतर दरवर्षी चालून मोजले जाते, म्हणून इथले पूर्वज कपाटात जाऊन बसलेले नाहीत.

या अंतराचे कारण सोळाव्या शतकातल्या राज्यांच्या सीमेत आहे. कुंकळ्ळी ज्या मुलखात येते ती साष्टी 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि त्याच दशकात साष्टीतली देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळी आणि आंबेली ही गावे मात्र वाकेनात. त्यांनी कर नाकारला आणि पाडलेली देवळे पुन्हा उभी केली. जुलै 1583 मध्ये चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइट धर्मप्रचारकांना कुंकळ्ळीत ठार मारण्यात आले. त्यांचा म्होरक्या रोडोल्फो आक्वाविव्हा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. फतेहपूर सिक्रीत धर्मावर वाद घालून सुखरूप आलेला माणूस एका खेड्याच्या रोषात संपला. पुढे बोलणी करायची म्हणून गावच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली गेली. एक जण तेवढा पाण्यात उडी टाकून निसटला, असे सांगतात. गावांच्या जमिनी सरकारने काढून घेतल्या. फातर्पा तेव्हा पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर होते, म्हणून कुंकळ्ळीची देवी तिथे हलवली गेली. देवी इतक्या जवळ जाऊन का थांबली, याचे उत्तर एवढेच: तिला लांब जायचे नव्हते, फक्त सीमा ओलांडायची होती.

फाल्गुनात, शिगम्याच्या दिवसांत, ही देवी पालखीतून कुंकळ्ळीला येते. सोबत बारा छत्र्या असतात, गावकरांच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या. ऊन, गुलाल, ढोल-ताशे आणि पायांखालचा रस्ता. कुळांचे संमेलनच हे, फक्त सभागृहाऐवजी वाटेवर भरते. यात हिंदू असतात तसे ख्रिस्तीही असतात, कारण वांगड धर्मांतराच्या आधीचे आहेत. एका भावाचा वंश देवीबरोबर राहिला, दुसऱ्याचा चर्चमध्ये गेला. छत्रीखालचा पूर्वज दोघांचा एकच. छापील वृत्तांताला इथे अडचण आली असती, कारण त्यात आडनाव बदलले की फांदी तुटते. चालणाऱ्या माणसाला आडनावाचा अडथळा होत नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा. आजची वाट तीच, सोळा नायकांची कथा जशी सांगतात तशीच घडली, बारा कुळे अखंड चालत आली, याला पुरावा काय? आक्षेप बरोबर आहे. मिरवणूक म्हणजे दस्तऐवज नव्हे आणि तिला तसे वापरूही नये. शिवाय 1583 ची गोष्ट एका बाजूने सांगता येत नाही. जेझुइट मारले गेले, त्यांना 1893 मध्ये पोपने धन्य म्हणून गौरवले. नायक मारले गेले, त्यांचे स्मारक गावाने उभारले. आज दोन्ही स्मृती कुंकळ्ळीतच आहेत. पुराव्याचा प्रश्न कागद सोडवील, पण दोन्ही स्मृती जपणाऱ्यांना एका रस्त्यावर आणणे कागदाला जमलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. बारा वांगड म्हणजे सगळे गाव नव्हे. गावकरीचा, म्हणजे गावच्या मूळ कुळांपैकी असण्याचा, हक्क मुलाकडे जातो, मुलीकडे नाही. जे गावकर नाहीत त्यांचे पूर्वजही याच मातीत राबले, पण त्यांची छत्री नाही. धर्म बदलूनही हा भेद गेला नाही. ख्रिस्ती समाजातही मानापानावरून तंटे झाले. याचे समाधानकारक उत्तर मिरवणुकीपाशी नाही. इतकेच म्हणता येईल की कुलवृत्तांतात नसलेल्या माणसाला पुस्तकाबाहेरच राहावे लागते. रस्ता मात्र पालिकेचा असतो आणि गुलाल कोणाच्या अंगावर उडेल हे कोणी ठरवू शकत नाही. हा छोटा फरक आहे. पण बदल आत शिरलाच, तर अशाच फटीतून शिरेल.

राहता राहिली ती सीमा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फातर्प्याचा मुलूखही पोर्तुगीजांकडे आला आणि ती पुसली गेली. 1961 मध्ये पोर्तुगीजही गेले. देवीला कुंकळ्ळीत परत नेऊन कायमची बसवायला तेव्हापासून कोणाचीच हरकत नव्हती. पण ती अजून फातर्प्यातच आहे. ती घरी परतली असती तर कुंकळ्ळीकरीण हे नाव उरले असते, पण कुंकळ्ळीला यायचे कारण उरले नसते. उत्सव आटोपला की पालखी पुन्हा फातर्प्याकडे वळते.