ओढ आणि आवर

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना मला घरातच बसून काढावा लागला. या सक्तीच्या विश्रांतीत नातवाने मला एका अनपेक्षित विद्येची दीक्षा दिली. त्याच्यापाशी ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा मोटारशर्यतीचा खेळ आहे. जपानमधील पॉलिफोनी डिजिटल या कंपनीची ही मालिका १९९७ साली सुरू झाली. त्यातला हा खेळ २०२२ साली आला. पडद्यावर मोटारी धावतात आणि मुले हातातली बटणे दाबतात, एवढेच त्याविषयीचे माझे ज्ञान. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाचा निवाडा तिथे होईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

पहिल्याच दिवशी त्याने विचारले, “आजोबा, तुमची ॲम्बॅसडर कोणत्या चाकांवर चालायची?”

“चारी चाकांवर,” मी म्हणालो.

तो हसला. इंजिनाची शक्ती कोणत्या चाकांना मिळत असे, हा त्याचा प्रश्न होता. बावीस वर्षे ती मोटार चालवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर होते, मागच्या दोन.

मग पाठ सुरू झाला. होंडा सिव्हिक टाइप आर या मोटारीत पुढचीच चाके गाडी वळवतात आणि तीच ओढतातही. वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला, की दोन्ही कामे त्यांना झेपत नाहीत आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. माझदा रोडस्टरमध्ये कामाची वाटणी आहे : पुढची चाके वळवतात, मागची ढकलतात, मात्र मागे शक्ती जास्त झाली, तर गाडीची पाठ घसरते. निसानच्या १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आर मध्ये शक्ती एरवी मागच्या चाकांकडे जाते. ती घसरू लागली, की गाडी स्वतःच निम्म्यापर्यंत शक्ती पुढे पाठवते. काही मोटारींत तर हे वाटप खेळणारा स्वतः आकड्यांत ठरवू शकतो.

या साऱ्याच्या मुळाशी आहे टायरची पकड. ती मर्यादित भांडवलासारखी असते. एकूण पकड १०० भाग मानली आणि ८० भाग ओढीसाठी खर्च केले, तर वळण्यासाठी २० नव्हे, ६० भाग उरतात. कारण दोन्ही जोर एकमेकांशी काटकोनात असतात आणि हिशेब पायथागोरसच्या नियमाने होतो. परंतु सगळे १०० भाग ओढीतच संपले, तर वळण्यासाठी काहीही उरत नाही. रस्ता ओला असेल तर मूळ भांडवलच घटलेले असते.

एका दुपारी नातवाने मला रोडस्टर दिली आणि बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँचा रस्ता निवडला. पाऊस होता. उताराच्या एका वळणावर मी अगदी सावकाश शिरलो. ॲक्सिलरेटरवरून बोट काढले होते, ब्रेकला हात लावला नव्हता. सावधगिरी म्हणून मी वळणाच्या मध्यावर गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला. त्याच क्षणी गाडीची पाठ बाजूला झुकली आणि गाडी उलट तोंडाने उभी राहिली.

“मी तर शक्ती दिलीच नव्हती,” मी म्हणालो.

“आजोबा, इंजिन नुसतं ओढत नाही, अडवतंही. गिअर खाली आणलात, तेव्हा त्यानं मागची चाकं धरून ठेवली.”

म्हणजे ज्या चाकांना ओढ मिळते, त्यांनाच इंजिनाचा आवरही सोसावा लागतो. त्यात उतारावर गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड मुळातच कमी राहते. तेवढीही त्या आवरात संपली. मी बराच वेळ काही बोललो नाही.

१९८३ च्या श्रावणात आम्ही इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना पाऊस लागला. गाडी धाकटा भाऊ चालवत होता, मी शेजारी होतो, आई-अण्णा मागे. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असेल. वळणावर गाडी अर्धी वळलेली असताना मी म्हणालो, “अरे, थर्ड कशाला? सेकंड टाक.” त्याने काही न बोलता सुकाणूलगतचा दांडा खाली ओढला आणि क्लच सोडला. गाडीची पाठ फिरली आणि कठड्यावर आदळली. आईचे मनगट मोडले. ते पुढे कधीच पूर्ववत झाले नाही.

त्या संध्याकाळी आणि नंतर कितीतरी वर्षे मी सर्वांना एकच सांगितले : त्याने गाडी वेगात घेतली. तो कधी प्रतिवाद करीत नसे. मात्र त्या गाडीच्या सुकाणूवर तो पुन्हा बसला नाही. पुढे नोकरीनिमित्त वडोदऱ्याला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. स्वतःची मोटार त्याने घेतली नाही. आई २००१ साली गेली, ती माझेच म्हणणे खरे मानून.

उतारावर खालचा गिअर घ्यावा, हा सल्ला चुकीचा नव्हता. तो वळण सुरू होण्याआधी, गाडी सरळ असताना घ्यायचा असतो. ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यावर, एकाएकी नव्हे. नातवाची गाडी घेऊन मी ते वळण पुन्हा पुन्हा घेतले. गिअर आधी बदलला, की गाडी आज्ञाधारकपणे वळे. मध्यावर बदलला, की पाठ फिरे.

रात्री भावाला फोन केला. इकडतिकडचे बोलून झाल्यावर म्हणालो, “भेरूघाटात गिअर टाकायला मी सांगितलं होतं.”

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग तो म्हणाला, “दादा, मला ते तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू थोरला. पण आईला एकदा सांगितलं असतंस, तर बरं झालं असतं.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवाळीत तो इंदूरला येणार आहे. नातू म्हणतो, काकाआजोबांना रोडस्टर देऊ. मी म्हटले, दे. मात्र मी शेजारी बसेन तेव्हा मला बोलू देऊ नकोस.