मागे कोण असणार?

चार दिवसांची ट्रिप करणं सोपं, तिचा प्लॅन करणं महाकठीण! हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. गोव्याचे किती प्लॅन ग्रुपवर जन्माला आले आणि ग्रुपवरच वारले, याचा हिशेब तुमच्याही मोबाइलमध्ये असणारच. त्यात ही ट्रिप सायकलची. म्हणजे टांग मारायला कारणंच कारणं. बॉस, ऊन, गुडघा, साखरपुडा...

पण यंदाचा रूट असा होता की कुणाला ‘नाही’ म्हणवेना. मांडव्याला बोटीतून उतरायचं. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वर गाठायचं. तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते. मग तिचाच माग काढत महाड, पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाटाने थेट महाबळेश्वर, जिथे तिचा उगम आहे. नदी वरून खाली येते, आपण खालून वर जायचं. शून्यापासून साधारण साडेतेराशे मीटर. स्वतःच्या पायांवर!

आयडिया माझी. कारण मी अलिबागची. (हो, ‘अलिबागसे आया है क्या’वाल्या अलिबागची. हे वाक्य बंद करा म्हणून एकाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती, ती २०१९ मध्ये फेटाळली गेली. तेव्हा तुम्ही बिनधास्त म्हणा. आम्हाला सवय आहे.) बाकीचे तिघे मुंबईचे. एक बँकवाला, एक आयटीवाला आणि एक डेंटिस्ट. नावं लिहिली तर तिघंही माझ्याशी बोलणं टाकतील, त्यामुळे धंद्यावरूनच ओळखा.

जानेवारीतल्या एका शनिवारी तिघं सायकली घेऊन आमच्याकडे आले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२०पासून रो-रो बोट येते. गाड्यांच्या रांगेत सायकल ढकलत आत शिरायचं, तासाभरात पलीकडे. मीटिंगसाठी आमिष होतं पोपटीचं. हिवाळ्यात आमच्या रायगडात येऊन पोपटी न खाता गेलात तर आलातच कशाला? मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून वरून जाळ करायचा. शेतात शेकोटीभोवती बसून माणूस जरा मऊ पडतो, असा माझा हिशेब.

तो बँकवाल्याने हाणून पाडला. त्याने लॅपटॉपच उघडला. एक्सेल शीट! पहिला दिवस मांडवा ते हरिहरेश्वर, १३५ किलोमीटर. दुसरा दिवस पोलादपूर, ९५. तिसरा दिवस घाट, ४०. संध्याकाळी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी क्रीम. शुक्रवार-शनिवार-रविवार, सुट्टी एकच! गडी तयारीचा आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे असते ना, साडेतेरा तासांच्या आत संपवायची, तशा दोन त्याच्या नावावर आहेत. त्याच्या शीटमध्ये चहाला सुद्धा वेळ ठरवून दिलेली. बारा मिनिटं.

‘‘चालेल,’’ आयटीवाला म्हणाला. तो सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणतो. त्याने नवी कोरी कार्बनची सायकल घेतली होती आणि ती दाखवायला त्याला रस्ता हवा होता, कुठलाही. तिची किंमत ऐकून आई आत निघून गेली. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात आमच्या पडवीची कौलं उडाली होती, ती तेवढ्या पैशांत तीनदा बदलून झाली असती.

डेंटिस्ट मात्र शेंगा सोलत गप्प होती. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिने आधीच बजावलं होतं, ‘‘मला धरून प्लॅन करू नका. मला दया नकोय.’’

बँकवाल्याने तिच्यासाठी उपाय काढला होता. अगदी मनापासून. सामान न्यायला टेम्पो आहेच, तर तिने महाडपर्यंत सायकल चालवावी आणि घाटात टेम्पोत बसावं. वर भेटूच!

ती ‘हो’ही म्हणाली नाही आणि ‘नाही’ही म्हणाली नाही. उठून जाळात काटक्या टाकायला लागली. तिला मी दहा वर्षं ओळखते. आता घरी जाऊन ही बाई ‘क्लिनिकमध्ये काम निघालं’ असा मेसेज करणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला दुखावायला आलं नव्हतं, आणि तरी आमच्यातलं एक माणूस त्या शेकोटीपाशी गळत होतं.

मग चर्चा गेली आकड्यांवर. आकड्यांवर बोलणं सेफ असतं ना! पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण १,३०० मीटरची उंची आहे. माणूस अधिक सायकल ८० किलो धरा. एवढं वजन तेवढं वर उचलायला शरीराला सुमारे १,००० कॅलरी जाळाव्या लागतात, कारण आपण जे खातो त्यातलं जेमतेम पाव पायडलपर्यंत पोचतं. म्हणजे दहा पोळ्या. आणि त्या कार्बनच्या सायकलीचं काय? ती माझ्या सायकलीपेक्षा सहा किलोने हलकी. चार तासांच्या चढात त्याला मिळणारा फायदा फार तर अठरा मिनिटं. म्हणजे एक चहा आणि एक वडापाव! आयटीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

घाटात कामाला येतो तो गिअर. पुढच्या आणि मागच्या चक्रीला सारखेच दाते असले, ३४ ला ३४, तर पायडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. जॉगिंगचा स्पीड! पण गुडघ्यावर जोर येत नाही. डेंटिस्टच्या फिजिओनेही तिला हेच सांगितलं होतं. जड गिअर नको, फेऱ्या जास्त.

‘‘नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला अख्खी अमेरिका सायकलने पार केली, आपण एका घाटाला काय घाबरतोय!’’ आयटीवाला. दोघांच्या टीमने केलेली ती रेस ॲक्रॉस अमेरिका, सुमारे ४,८०० किलोमीटर.

‘‘त्यांच्या मागे पूर्णवेळ सपोर्टची गाडी होती,’’ डेंटिस्ट म्हणाली. त्या रात्रीचं तिचं हे एकच वाक्य.

इतका वेळ मडक्याभोवती राख सारत बसलेले बाबा तेव्हा बोलले. बाबा थळच्या खत कारखान्यातून रिटायर झालेत. उमेदीची कितीतरी वर्षं अलिबाग ते थळ सायकलने गेले-आले. छंद म्हणून नाही, गाडी घ्यायला पैसे नव्हते म्हणून. हेल्मेट, जेल सीट, तंग चड्ड्या या सगळ्याकडे ते सर्कस बघावी तसे बघतात.

‘‘बाकी सगळं ठरलं तुमचं,’’ ते म्हणाले, ‘‘पण मागे कोण असणार?’’

‘‘म्हणजे, काका?’’

‘‘म्हणजे सगळ्यात शेवटी. सेकंड शिफ्ट सुटली की आम्ही आठ जण एकत्र यायचो. रस्त्यावर मिट्ट काळोख. डायनॅमो चालायचे दोघांचेच. त्यातला एक पुढे आणि एक मागे. मागचा तो पक्का. कुणाची चेन पडली, पंक्चर झालं, कुणाला धाप लागली, की मागचा थांबणार. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. पुढे जायला काय, कुणीही जातो.’’

एवढं बोलून त्यांनी मडकं फोडलं आणि पुढची वीस मिनिटं कुणीच काही बोललं नाही. पोपटी गरमच खायची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट राइड. कार्ले खिंडीत. पेणकडून अलिबागला गाडीने येताना ज्या खिंडीत तुम्ही चिप्सचं पाकीट फोडता, तीच. चढ फार मोठा नाही, पण तीनदा चढायचा, असं ठरलं. पहिल्या फेरीत आयटीवाला सुसाट. दुसऱ्या फेरीत तो बँकवाल्याच्या मागे. तिसऱ्या फेरीत तो रस्त्याच्या कडेला, कार्बनच्या सायकलीला मिठी मारून उभा! आणि डेंटिस्ट? तिसऱ्या चढाच्या मध्यावर ती शांतपणे उतरली, दोनेकशे पावलं सायकल हातात धरून चालली, पुन्हा बसली आणि वर पोचली.

‘‘दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की उतरायचं,’’ वर आल्यावर तिने सांगितलं. ‘‘फिजिओचा रूल आहे. चालायला मला लाज वाटत नाही. टेम्पोत बसायला वाटते.’’

बँकवाला ऐकत होता. त्याच्याबद्दल एक सांगते. त्याला हरवायचं असेल तर भांडू नका, डेटा द्या. चौघांत उतरायचं कधी हे फक्त हिला माहीत होतं आणि हिलाच आम्ही टेम्पोत टाकत होतो, हे त्याला तिथेच, खिंडीत, घाम पुसता पुसता कळलं. तो काही बोलला नाही. त्याने मोबाइलवर शीट उघडली.

नवा प्लॅन पाच दिवसांचा आहे. पहिला मुक्काम मुरूड, साधारण ७० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीने खाडी ओलांडायची, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी म्हसळा, गोरेगावमार्गे महाड. हा टप्पा बघताना सगळे घाटाच्या नादात असतात, पण खरी हाडं तिथलेच चढउतार खिळखिळी करतात, हे लिहून ठेवा. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत निघून पोलादपूर आणि अर्धा घाट. मुक्काम प्रतापगडाच्या पायथ्याशी, कुंभरोशीला. पाचव्या दिवशी उरलेला चढ. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटाचा रस्ता जागोजाग खचला होता, त्यामुळे निघायच्या आधी पोलादपूरला फोन करून रस्त्याचं विचारायचं, हीसुद्धा शीटमध्ये एक ओळ आहे. आणि त्याच डोंगरात एक जुनी वाट आहे, जिने अफझलखानाचं सैन्य पारला उतरलं. तिचं नाव रडतोंडीचा घाट! आयटीवाल्याला आम्ही हे अजून सांगितलेलं नाही.

पाच दिवस म्हणजे तीन सुट्ट्या. बँकवाल्याने बॉसला काय सांगितलं ते तो सांगत नाही. मला सुट्टीचा प्रॉब्लेम नाही. फ्रीलान्सरला सुट्टी कोण देणार आणि कोण नाकारणार? पाच दिवस काम नाही म्हणजे पाच दिवस पैसे नाहीत, एवढा सरळ मामला. म्हणून तर हा लेख आधी लिहून टाकतेय.

शीटमध्ये आता चहाची मिनिटं नाहीत. त्या जागी नवा कॉलम आलाय, ‘मागे कोण’. पहिला दिवस मी, दुसरा आयटीवाला, तिसरा पुन्हा मी. घाटाचा चौथा दिवस बँकवाल्याने स्वतःहून घेतला. पाचव्या दिवसाचा चौकोन रिकामा होता. तो डेंटिस्टने रात्री साडेअकराला भरला. स्वतःच्या नावाने.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. काल बँकवाल्याने ग्रुपवर सायकलच्या मागच्या लाल दिव्याचा फोटो टाकला. खाली एकच ओळ. ‘काकांना सांग, चार्जिंगला लावलाय.’