सोनेरी घड्याळ

वडनेर भोलजीच्या आमच्या घरातील बाबांचे घड्याळ कायमचे थांबले, म्हणून दुसरे पाहावयास मुंबईच्या चोरबाजारात गेलो. एका दुकानात भिंतीवरचे जुने फ्रेंच घड्याळ विक्रीस टांगले होते. त्याच्या कांस्याच्या पानाफुलांवरील सोने अजून झळकत होते. "असे काम आता होत नाही," दुकानदार म्हणाला. न झालेलेच बरे! अठराव्या शतकात तिकडे पाऱ्यात सोने कालवून कांस्यावर माखीत आणि विस्तवावर पारा उडवून देत. ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. पुढे त्याचे हात कापू लागत. जुन्या चांदीच्या चषकांनाही आतून मुलामा याच रीतीने चढवीत. किल्ली देताना अखेरीस बाबांचाही हात थरथरे, पण तो वयाने. मी किंमत न विचारताच परतलो. रविवारी मिस्सेत धर्मगुरूंनी चषक उंचावला, तेव्हा मान लववूनही माझे लक्ष त्याच्या आतल्या सोन्याकडेच होते.