पंख गमावलेल्यांची चाकं

इंदूरकडून आलेली बस उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या स्थानकात शिरली, की महाकाळला निघालेल्या प्रवाशांना रिक्षावाल्यांच्या हाका ऐकू येतात. त्यांतल्या एखाद्या जुन्या पेट्रोल रिक्षाच्या चालकाचे हात पाहावेत. पायापाशी असलेला लांब दांडा तो एका हिसक्यात वर ओढतो, इंजिन फटफटायला लागतं, मग डावा हात मुठीवर जातो, क्लच दाबून मूठ पिळतो आणि पहिला गिअर पडतो. मूठ पिळून गिअर टाकायची ही रीत तस्कनीतल्या पाँतेदेरा गावातून निघाली आणि पुण्याजवळच्या आकुर्डीमार्गे माळव्यात पोचली. इटलीच्या गाड्या म्हटलं की डोळ्यांपुढे शर्यतीच्या लालभडक मोटारी येतात. मला मात्र वाटतं, की त्या देशाच्या वाहनविद्येचं खरं मोठेपण या मुठीत आहे.

सुरुवात श्रीमंतांच्या हौसेतून झाली, हे खरंच. 1899 साली तुरीनमध्ये फियाट उभी राहिली तेव्हा मोटार ही सरदारांची चैन होती. 1907 मध्ये राजपुत्र बोर्गेझेने इटाला मोटारीतून पेकिंग ते पॅरिस शर्यत जिंकली आणि इटलीचं नाव जगभर झालं. पण त्या विजयाने तिथल्या शेतमजुराची पायपीट थांबली नाही. ती थांबवायला एक हरलेलं युद्ध लागलं. पियाजिओ ही 1884 साली जेनोवाजवळ सुरू झालेली कंपनी. जहाजांचं अंतर्गत काम, मग रेल्वेचे डबे, मग विमानं असा तिचा प्रवास. दुसऱ्या महायुद्धात पाँतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि पराभूत देशाच्या विमानबांधणीवर निर्बंध आले. कोरादिनो दास्कानियो हा हेलिकॉप्टर घडवणारा अभियंता रिकामा झाला. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे: तेलाने कपडे मळतात, साखळी त्रास देते, पंक्चर झालं की चाक काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकलं, साखळी काढून टाकली आणि विमानाच्या चाकासारखं पुढचं चाक एकाच बाजूने धरलं. एप्रिल 1946 मध्ये व्हेस्पाचं पेटंट नोंदलं गेलं. दोन वर्षांनी तिच्यातूनच तीनचाकी आपे निघाली. आभाळासाठी शिकलेली विद्या गरजेपोटी रस्त्यावर उतरली, ती अशी.

यावर कुणी म्हणेल, आकुर्डीच्या बजाजने आपल्याकडे बनवलेल्या या गाड्या गुणांमुळे पसरल्याच नाहीत. परवान्यांचा काळ होता, दुसरं काही मिळत नव्हतं; स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत. आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा. त्याच आडोशाला इटलीची आणखी दोन घराणी मुंबईत वाढत होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापलेली प्रीमिअर कंपनी कुर्ल्यात फियाट मोटार, म्हणजेच पुढची पद्मिनी, बनवत होती, तर एपीआय ही कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटर. संरक्षण तिघांनाही सारखंच होतं. लॅम्ब्रेटा बाजारातून कधीच गेली. पद्मिनी देखणी आणि दणकट, पण तिचा साठच्या दशकातला साचा फारसा बदललाच नाही. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती रेंगाळली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. नुसत्या टंचाईने माल खपतो, तो टिकत नाही.

बजाजने वेगळं काय केलं? पियाजिओशी साठच्या सुमारास झालेला करार 1971 मध्ये संपला. पुढच्याच वर्षी चेतक स्कूटर आली. ती व्हेस्पाची नक्कल होती, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. तिचा पत्राच ते सांगतो. पण कलमाचा आंबा गोड निघाला तर त्याचं श्रेय ज्याने त्याला पाणी घातलं त्यालाही द्यावं लागतं. सकाळी स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारणारा कारकून, पुढे मूल, मागे बायको आणि स्टेपनी, हे चित्र इटलीतल्या कुणी कल्पिलं नव्हतं. आपल्या उतारूंचा आणि सामानाचा भार वाहत रिक्षाही बदलत गेली: टू-स्ट्रोकची फोर-स्ट्रोक झाली, पेट्रोलची सीएनजी झाली. पद्मिनीच्या नशिबी हे शिकणं आलं नाही. आज पियाजिओ स्वतः बारामतीत आपे बनवते आणि बजाजच्या तीनचाकी नायजेरियापर्यंत जातात.

उज्जैनच्या रस्त्यांवर आता ई-रिक्षा वाढल्या आहेत, आणि धूर कमी होणार असेल तर ते चांगलंच आहे. पण संस्थानिकांच्या परदेशी मोटारी आपण संग्रहालयांत पुसूनपासून ठेवतो, तेव्हा त्यांच्या शेजारी एक जुनी रिक्षाही ठेवायला हवी, तिच्या दांड्यासकट आणि पिळायच्या मुठीसकट. ती भंगारात जाण्याआधी हे व्हावं.