वाइनचे धडे अ‍ॅडलेडमध्ये, कस नाशिकमध्ये

मुलगी वाइन बनवायला शिकण्यासाठी परदेशी जाणार म्हटले की घरात पहिला प्रश्न फीचा नसतो. नातेवाइकांना काय सांगायचे, हा असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातले अ‍ॅडलेड शहर या प्रश्नाचे साधे उत्तर देते : हे शेतीचे आणि रसायनशास्त्राचे शिक्षण आहे.

शहराच्या आग्नेयेला, टेकड्यांच्या पायथ्याशी वेट कॅम्पस आहे. मेंढीपालनातून श्रीमंत झालेल्या पीटर वेट यांनी ही जमीन विद्यापीठाला दान दिली आणि १९२४ मध्ये इथे कृषी संशोधन संस्था सुरू झाली. आज द्राक्षबाग, प्रयोगशाळा आणि विद्यार्थ्यांची वायनरी एकाच आवारात आहे. नाशिकच्या यॉर्क वायनरीचे वाइनमेकर राहिलेले कैलाश गुरनानी अ‍ॅडलेडमध्येच शिकले.

हातात पाइप, पायात गमबूट

इथे द्राक्षांची काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. द्राक्षे थंड राहावीत म्हणून ती अनेकदा रात्री काढतात. या दिवसांत वायनरीत काम करणारा विद्यार्थी पहाटेपासून टाक्या धुतो, पंप ओढतो, रसातली साखर आणि आम्लता मोजतो. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून टाकीत डोकावण्याचेही नियम असतात. वाइन चाखायची ती घोट तोंडात फिरवून थुंकून टाकायची. आईवडिलांना हे आवर्जून सांगावे.

सुट्टीच्या दिवशी दक्षिणेला मॅक्लारेन व्हेल किंवा ईशान्येला बरोसा खोरे पाहावे. बरोसात १८४३ मध्ये लावलेले शिराझचे वेल अजून फळ देतात. युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांची कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोहोचली नाही, म्हणून ते टिकले. त्यामुळे परवानगीशिवाय कुणाच्या बागेत पाय ठेवू नये. बुटाला चिकटलेल्या मातीतूनही ही कीड पसरू शकते.

नाशिकचा वेल झोपत नाही

खरी कसोटी परतल्यावर लागते. अ‍ॅडलेडमध्ये हिवाळ्यात वेलाची पाने गळतात, तो विश्रांती घेतो आणि त्याच काळात छाटणी होते. नाशिकमध्ये तशी थंडी नाही. इथे वर्षातून दोनदा छाटणी करतात : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळ छाटणी. वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. अ‍ॅडलेडचा उन्हाळा कोरडा असतो, तर नाशिकच्या वेलाला पावसाळा अंगावर घ्यावा लागतो आणि डाऊनीचा धोका कायम असतो. म्हणजे टाकीतले शास्त्र तसेच्या तसे उपयोगी पडते, बागेतले वेळापत्रक मात्र नव्याने शिकावे लागते. ते शिकवणारे गुरू म्हणजे निफाड-दिंडोरीचे बागायतदार.

निघण्यापूर्वी

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते, त्यामुळे कमाईवर फी भागेल असे गृहीत धरू नये. भारतात वायनरी मोजक्या आहेत आणि वाइनमेकरच्या जागा त्याहून मोजक्या. घरची बाग असेल तर गणित सोपे, नसेल तर कर्ज काढण्यापूर्वी दहादा विचार करावा. एक सोय मात्र आहे. युरोपातली काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असते, त्यामुळे नाशिकचा हंगाम आटोपून तिकडे दुसरा हंगाम करता येतो. एका वर्षात दोन वर्षांचा अनुभव मिळतो.

सगळ्यात आधी फेब्रुवारीत नाशिकला जावे. झाशीच्या सिविल लाइंसमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही ते अवघड नाही, पंजाब मेल थेट नाशिकरोडला उतरवते. गंगापूर धरणाच्या परिसरातल्या एखाद्या वायनरीत मुलीला काढणीच्या दिवसांत काम बघू द्यावे, जमल्यास करू द्यावे. चिकट हात, ओले बूट आणि आंबणाऱ्या रसाचा वास सोसूनही तिचा उत्साह टिकला, तर अ‍ॅडलेडचा अर्ज खुशाल भरावा. नातेवाइकांना सांगायचे उत्तरही तोवर तिलाच सापडलेले असेल.